सौर सेलवरचं खरबरीत आवरण: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

आजपासून काम सुरू. आधी हिशेब लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आकडे बघून हुरळून जायला नको.

आरशासारख्या गुळगुळीत सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) ६०० नॅनोमीटर तरंगलांबीला ३.९ च्या आसपास असतो. त्यामुळे नुसत्या पृष्ठभागावरून जवळपास ३५ टक्के प्रकाश परत फिरतो. बाजारात मिळणाऱ्या सेलवर त्याचा इलाज केलेला असतो: पृष्ठभागावर कोरलेले बारीक पिरॅमिड आणि त्यांच्यावर साधारण ७५ नॅनोमीटरचा सिलिकॉन नायट्राइडचा थर. पण सेल कुणी उघडा वापरत नाही. वर काच येते किंवा पॉलिमर येतं, आणि हवेला लागलेला तो सपाट पृष्ठभाग आपला वाटा कापून घेतोच. सरळ पडणाऱ्या प्रकाशातून काच (अपवर्तनांक १.५२) ४.३ टक्के परत पाठवते, पीडीएमएस हे पारदर्शक रबर (१.४१) २.९ टक्के.

हे २.९ टक्के सोडवून आणायचे आहेत. सेलला हात लावायचा नाही, फक्त वरच्या पॉलिमरला पोत द्यायचा.

पीडीएमएसच्या जातीच्या रबरालाही सिलिकॉन म्हणतात, तेव्हा गोंधळ नको म्हणून: या नोंदींत सिलिकॉन म्हणजे सेलमधलं मूलद्रव्य. पारदर्शक रबराचा उल्लेख येईल तिथे पीडीएमएस असंच लिहीन.

९ जानेवारी

पोत कोणता, यावर अख्खा दिवस गेला. पतंगाच्या डोळ्यावर २००-३०० नॅनोमीटरचे उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे डोळा जवळजवळ चमकतच नाही, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. कार्ल्सरूहेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गुलाबाच्या पाकळीचा ठसा सेंद्रिय सौर सेलवर बसवून करंट वाढवून दाखवला होता. दोन्ही वाटा मोहात पाडणाऱ्या आहेत. पण मला असा साचा हवा जो पुन्हा पुन्हा तसाच करता येईल आणि ज्याचा कोन आधीच ठाऊक असेल. तो सिलिकॉनच देतं. अल्कलीत कोरलं की त्याच्या स्फटिकाची रचनाच पिरॅमिडची बाजू ५४.७ अंशांवर ठरवते. त्यात माझं काही चालत नाही आणि तेच मला हवंय.

मग कागदावर किरण काढून बघितला. सरळ खाली येणारा किरण पिरॅमिडच्या बाजूवर ५४.७ अंशांनी आदळतो. पीडीएमएसचा ब्रूस्टर कोन काढला, तर तोही ५४.७! म्हणजे या कोनात एका दिशेने ध्रुवित झालेला (एकाच दिशेत कंप पावणारा) अर्धा प्रकाश अजिबात परावर्तित होत नाही, सगळा आत जातो. उरलेल्या अर्ध्यातला ११ टक्के परततो. एकूण साडेपाच टक्के, म्हणजे सपाट पृष्ठभागापेक्षा जास्तच. पण हा परतलेला किरण आकाशाकडे जात नाही. क्षितिजाच्या १९.५ अंश खाली झुकून तो समोरच्या बाजूवर आदळतो आणि तिथे त्याला दुसरी संधी मिळते. दुसऱ्या धडकेनंतर बाहेर पडतो तो फक्त ०.२ टक्के.

सिलिकॉनच्या स्फटिकाचा कोन आणि पीडीएमएसचा ब्रूस्टर कोन यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. तरी दोघे अंशाच्या दहाव्या भागापर्यंत जुळतात. मी हा हिशेब तीनदा केला.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, कारण तिच्याबद्दल सरसकट चुकीचं बोललं जातं. पोतामुळे किरण तिरपा होऊन सेलमध्ये लांबचा रस्ता कापतो, असं सांगतात. पीडीएमएसमध्ये तो १९.४ अंशांनी तिरपा होतो, हे खरं. पण सिलिकॉनचा अपवर्तनांक एवढा मोठा की आत शिरताच तो किरणाला पुन्हा जवळपास सरळ करतो. सपाट सिलिकॉन धरलं तर सातेक अंश उरतात आणि रस्ता वाढतो एक टक्क्याहूनही कमी. वरच्या आवरणाचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे: येणारा प्रकाश परत न जाऊ देणं, आणि सेलवरून किंवा त्याच्यावरच्या, करंट गोळा करणाऱ्या चांदीच्या रेघांवरून परतलेला प्रकाश पुन्हा खाली वळवणं.

११ जानेवारी

साचा केला. पातळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून ८० अंशांवर अर्धा तास. वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) बाहेर काढली तेव्हा चकाकी पार गेली होती, मखमलीसारखा मंद काळपट रंग आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पिरॅमिड तीनपासून आठ मायक्रोमीटरपर्यंत, लहानमोठे, एकमेकांना खेटून. मधे कुठे सपाट जागा राहिलेली नाही ना, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. एका कोपऱ्यात राहिली आहे. तो कोपरा वापरणार नाही.

१२ जानेवारी

पीडीएमएस ओतलं, दहाला एक प्रमाणात कठिणीकारक, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढले, ८० अंशांवर दोन तास. सोलायला घेतलं तर निघेना. जोर लावला तर पीडीएमएसचा पत्रा फाटला आणि वेफरही तडकली. साच्यावर आधी फ्लुरोसिलेनची (चिकटू न देणाऱ्या रसायनाची) वाफ द्यायला हवी होती. उद्यावर ढकलण्यासारखं काम ते नव्हतं, तरी मी ढकललं.

१७ जानेवारी

नवा साचा, या वेळी रात्रभर डेसिकेटरमध्ये फ्लुरोसिलेनच्या वाफेत. पाण्याचा थेंब टाकला तर गोळी होऊन घरंगळला. तेव्हाच कळलं की आज काम होणार.

पत्रा सालीसारखा निघाला. दोन चिमट्यांनी धरून दिव्यासमोर नेला तर पलीकडचं काहीच दिसत नाही, नुसतं दुधाळ. त्यावर अल्कोहोलचा थेंब सोडला की तेवढ्याच गोलात तो काचेसारखा स्वच्छ होतो, कारण अल्कोहोलचा अपवर्तनांक पीडीएमएसच्या जवळचा आहे आणि खड्डे त्याने भरून निघतात. थेंब वाळत गेला तसा गोल कडेने आत आत दुधाळ होत गेला. पोत पूर्ण उतरला आहे की नाही, याची इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. सूक्ष्मदर्शकाच्या आधी आता हीच करायची.

साच्यात पिरॅमिड वर आलेले आहेत, म्हणून पत्र्यात ते उलटे, खड्ड्यांच्या रूपात आहेत. कोन तोच.

१९ जानेवारी

पत्रा सेलवर कसा बसवायचा, हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. सेलचा स्वतःचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने पत्रा नुसता ठेवला तर मधे हवा राहते, आणि हवा राहिली की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात. सगळा हिशेब कोसळतो. सहकाऱ्याने सुचवलेला उपाय चांगला आहे: सेलवर आधी पीडीएमएसचं पातळ, सपाट अस्तर कायमचं ओतून घ्यायचं. त्यावर पत्रा ठेवला की पीडीएमएसला पीडीएमएस आपोआप बिलगतं, हवा राहत नाही आणि पत्रा हवा तेव्हा सोलून काढता येतो. म्हणजे एकाच सेलवर सपाट आणि पोताचा असे दोन्ही पत्रे आलटून पालटून मोजता येतील. दोन वेगळ्या सेलची तुलना करायला नको.

सपाट पत्राही त्याच मिश्रणाचा, तेवढ्याच जाडीचा केला. ३ मिलीमीटर.

२२ जानेवारी

पहिलं मोजमाप. सेल २० × २० मिलीमीटर, पत्रा ३० × ३०, दिवा १००० वॅट प्रति चौरस मीटरवर लावलेला, खालची पट्टी २५ अंश सेल्सिअसवर. शटर उघडल्यावर पहिल्या दोन सेकंदांतच वाचन घ्यायचं, नाहीतर सेल तापतो आणि प्रत्येक अंशामागे व्होल्टेज दोनेक मिलीव्होल्टने खाली येतो. करंटवर तापमानाचा परिणाम फार थोडा, पण शिस्त एकच ठेवलेली बरी.

सपाट पत्रा: १४७.२ मिलीअँपिअर.
पोताचा पत्रा: १५९.४.

८.३ टक्के वाढ! निळसर दिसणारा सेल पोताच्या पत्र्याखाली जवळपास काळा झाला होता, डोळ्यांनाही फरक दिसत होता. सगळे दिव्याभोवती जमले. मी वाचन पाचदा घेतलं. पाचही वेळा तेच.

२३ जानेवारी

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. सपाट पृष्ठभाग परत पाठवतो २.९ टक्के. ते सगळे मिळवले तरी वाढ तीन टक्के. रेघांवरून परतलेला प्रकाश धरला तर त्यात आणखी थोडी भर. आठ कुठून आले?

दिवा सरकला असेल, म्हणून संदर्भ सेल लावून पुन्हा मोजलं. दिवा ठीक आहे. क्रम बदलला: सपाट, पोत, सपाट, पोत, सपाट. आकडे हलत नाहीत. म्हणजे करंट खरा आहे. फक्त तो कुठल्या प्रकाशाचा, हे माहीत नाही.

२४ जानेवारी

सापडलं. दिवा बंद केला, खोलीत अंधार केला आणि हातातला लाल लेझर पत्र्यावर सरळ खाली धरला. ठिपका सेलच्या मध्यावर असताना मीटर ०.४८ मिलीअँपिअर. मग ठिपका हळूहळू बाहेर नेला. सेलची कड ओलांडली. एक मिलीमीटर, दोन, तीन. सेलचा भाग संपला, खाली नुसती पांढरी पट्टी, आणि मीटरवर अजून ०.०७. पत्र्यात ठिपक्याभोवती लाल धुकं पसरलेलं दिसत होतं आणि त्याची एक कड सेलच्या दिशेने ओढल्यासारखी शिरत होती. पत्रा बदलून सपाट लावला, ठिपका त्याच जागी: ०.०१.

माझ्या पत्र्याने सेलच्या बाहेर पडलेला प्रकाश गोळा करून आत आणला होता. पत्रा सेलपेक्षा मोठा, चारही बाजूंना ५ मिलीमीटर जास्त. पोतातून शिरलेला किरण १९ अंशांनी तिरपा होतो, म्हणजे ३ मिलीमीटर जाडीत एकदाच तो एक मिलीमीटरहून जास्त बाजूला सरकतो. पांढऱ्या पट्टीवर आदळून सगळ्या दिशांना उधळतो, वर गेलेला बराचसा पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा खाली येतो आणि असं करत करत सेलपर्यंत पोचतो. भोवतालची ती जागा सेलच्या क्षेत्रफळापेक्षाही मोठी आहे: ९ पैकी ५ चौरस सेंटिमीटर. पूर्ण पॅनेलमध्ये सेल एकमेकांना खेटून असतात, तिथे ही फुकटची जागा नसते. २२ तारखेचा आकडा खोटा नाही, पण तो माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

वहीतला तो आकडा खोडला नाही. शेजारी लाल शाईने कारण लिहिलं. छोट्या सेलवर मोठं आवरण ठेवून आलेली वाढ जिथे जिथे वाचेन, तिथे यापुढे आधी मास्कबद्दलचं, म्हणजे सेलबाहेरचा प्रकाश अडवणाऱ्या झाकणाबद्दलचं, वाक्य शोधेन.

२९ जानेवारी

सगळी मांडणी बदलली. खालची पट्टी काळी. पत्रा सेलएवढाच कापलेला, कडा काळ्या रंगवलेल्या. पत्र्याला टेकून वर काळा मास्क, त्याला १८ × १८ मिलीमीटरची खिडकी, म्हणजे सेलपेक्षा प्रत्येक बाजूने एक मिलीमीटर आत. जाडी ३ ऐवजी अर्धा मिलीमीटर, कारण आता उलटी चूक व्हायची: जाड पत्र्यात बाजूला गेलेला प्रकाश काळ्या कडेत मरतो आणि पोताला उगाच कमी गुण मिळतात.

लेझरची परीक्षा आधी. खिडकीबाहेर ठिपका नेला की मीटर शून्यावर. मग दिवा.

सपाट: ११८.४. पोत: १२२.३. वाढ ३.३ टक्के.

दहा फेऱ्या केल्या, ३.१ ते ३.५ च्या मध्ये. कागदावरचे २.७ आणि वरचे थोडे रेघांकडून परत आणलेले. आठपेक्षा या तीनवर माझा जीव जास्त आहे, कारण हे तीन कुठून आले ते मला सांगता येतं.

२ फेब्रुवारी

नवी बॅच वाया. साच्याच्या एका कडेला पीडीएमएस चिकट राहिलं, ओव्हनमध्ये चार तास ठेवूनही सेट झालं नाही. तिथे लॅटेक्सचा हातमोजा लागला होता. लॅटेक्समधलं गंधक पीडीएमएस घट्ट करणारा प्लॅटिनमचा उत्प्रेरक मारतं. नायट्राइलचे मोजे आले आहेत, लॅटेक्सचा डबा या खोलीतून बाहेर.

६ फेब्रुवारी

आज कोन बदलून मोजलं. या दिवसासाठीच एवढी तयारी होती.

सूर्य दिवसभर डोक्यावर नसतो, आणि सपाट आवरणाची खरी हानी तिरप्या प्रकाशात होते. ६० अंशांना सपाट पीडीएमएस साडेसात टक्के परत पाठवतं, ७५ अंशांना तेवीस टक्के. सेल फिरवायची चकती लावली, प्रत्येक कोनात आधी सपाट, मग पोत, मग पुन्हा सपाट.

४० अंशांपर्यंत फारसा फरक नाही, साडेतीनच्या आसपास. ६० ला ५.८. ७५ ला १२. त्यापुढे मास्कची जाडीच सावली पाडते, म्हणून ते आकडे घेतले नाहीत.

७५ अंशांना सपाट पत्र्यावर दिव्याची प्रतिमा डोळे दिपवणारी दिसते. पोताचा पत्रा लावला की त्या जागी नुसता काळा चौकोन. समोर उभं राहून पत्रे बदलताना हा फरक बघितला की आकडेवारीची गरजच वाटत नाही. अर्थात त्या कोनात मुळात प्रकाशच थोडा पडतो, त्यामुळे दिवसभराच्या ऊर्जेत या बारा टक्क्यांचं वजन कमीच. पण ढगाळ दिवशी प्रकाश सगळीकडून येतो. तिथे काय होतं, ते बाहेर नेल्याशिवाय कळणार नाही.

२० फेब्रुवारी

सेल बाहेर लावले. दोन सारखे सेल शेजारी शेजारी, एकावर सपाट, एकावर पोत, प्रत्येकाला ०.१ ओहमचा रोध आणि त्यावरचा व्होल्टेज दर मिनिटाला नोंदला जातोय. आधी दोन दिवस दोन्हींवर सपाट पत्रे ठेवून सेलमधला मूळचा फरक काढून घेतला होता (०.४ टक्के), तो वजा करायचा.

२३ फेब्रुवारी

पूर्ण ढगाळ दिवस, सावली कुणाचीच पडत नव्हती. दिवसभराची वाढ सव्वापाच टक्के. उन्हाच्या दिवशी ३.८ होती. कागदावर अपेक्षित तसंच, तरी रात्री उशिरापर्यंत आलेख बघत बसलो.

१२ मार्च

तीन आठवडे. एकदाही पाऊस नाही, आणि वाढ उतरत उतरत आज ०.६ वर आली आहे.

पत्रा सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाच मायक्रोमीटरच्या खड्ड्यांत तेवढेच धुळीचे कण तळाशी जाऊन बसलेत, बी पेरल्यासारखे. पीडीएमएस मऊ आहे, धूळ धरून ठेवण्याचा त्याचा स्वभावच आहे. पाणी ओतलं तर ते त्याला धरत नाही, थेंब खड्ड्यांच्या तोंडावरून घरंगळून जातो आणि तळातल्या कणाला शिवतही नाही. पाण्याला न धरणारा पृष्ठभाग आपोआप स्वच्छ राहील, असं मी गृहीत धरलं होतं. कण उंचवट्याच्या टोकावर असेल तर ते खरं. खड्ड्यात असेल तर नाही.

साबणाच्या पाण्याने धुतल्यावर वाढ २.४ पर्यंत परतली. ब्रश लावला त्या पट्ट्यात पोतच चुरगळला.

१५ मार्च

दोन निर्णय. एक: पोत सुलटा करायचा. खड्डे एकमेकांपासून बंद असतात. उभे पिरॅमिड असतील तर त्यांच्यामधल्या घळी एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि पाण्याला धूळ घेऊन जायला वाट मिळते. दोन: वरचा थर कडक हवा. पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिक, घेतो. अपवर्तनांक १.४९, सपाट परावर्तन ३.९ टक्के, ब्रूस्टर कोन ५६ अंश, म्हणजे ५४.७ पासून फार लांब नाही. खाली पीडीएमएसचं अस्तर तेच राहील.

सुलट्यासाठी साचा उलटा हवा. आत्ताचा पत्राच साचा म्हणून वापरायचा विचार केला, पण गरम दाबाखाली तो दबेल. उलट्या पिरॅमिडची वेफर कोरावी लागेल. तोपर्यंत आहे त्या वेफरवर पीएमएमए दाबून तापमान आणि दाबाचा अंदाज घेतो.

२१ मार्च

पीएमएमए १०५ अंशांच्या आसपास मऊ होतं. १४० ला दहा मिनिटं दाबलं, दाब काढला, मग थंड केलं. अल्कोहोलच्या थेंबाची परीक्षा फसली: थेंब टाकण्याआधीच पत्रा अर्धवट पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली खड्डे उथळ, कडा गोल. गरम असतानाच दाब काढल्याने पदार्थ मागे सरकला.

२२ मार्च

दाब तसाच ठेवून ८० अंशांपर्यंत थंड केलं, मगच उघडलं. वेफर न तडकता सुटली. पत्रा पूर्ण दुधाळ, थेंबाखाली मात्र लगेच स्वच्छ. मास्क लावून मोजलं: सपाट पीएमएमएच्या तुलनेत ३.९ टक्के वाढ, आठ फेऱ्यांत जवळपास तेवढीच. ब्रशने शंभर वेळा घासून पुन्हा मोजलं, ३.७.

उलट्या पिरॅमिडच्या वेफरसाठी, कोरायची जागा ठरवणाऱ्या मुखवट्याची आकृती काढायला घेतली आहे, खड्ड्याची बाजू ५ मायक्रोमीटर. आजचे दोन पीएमएमए पत्रे, एक सपाट आणि एक पोताचा, संध्याकाळी बाहेरच्या चौकटीत बसवले. पहिलं वाचन उद्या सकाळी सूर्य चौकटीवर आला की.